पत्रा कापताना लेझरचे हेड इकडून तिकडे उड्या का मारते?

भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये फायबर लेझर मशीन, म्हणजे लेझरच्या किरणाने पत्रा कापणारे यंत्र, चालू असताना काचेतून आत पाहा. पत्र्याखालून ठिणग्यांचा झोत उडत असतो. हेड, म्हणजे किरण सोडणारा भाग, एक भोक कापते आणि अगदी शेजारचे भोक सोडून हातभर लांब जाते. तिथे काहीतरी कापून पुन्हा मागे येते. एखाद्या ब्रॅकेटची कड जवळजवळ पूर्ण कापून होते आणि शेवटचा केसभर भाग तसाच ठेवून हेड निघून जाते. जॉबवर्क करून घ्यायला आलेल्या माणसाला हे बघून हमखास वाटते, की प्रोग्रॅम घाईघाईत केलेला दिसतो. सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे कापत का जात नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रिकल पॅनेल, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, लिफ्टचे दरवाजे, घरगुती गिरणीची बॉडी, सगळे याच मशीनवरून येते आणि त्याच्या किमतीत कापण्याचा वेळ धरलेला असतो. त्यामुळे हेड कुठल्या क्रमाने, कुठल्या वाटेने फिरते, हा पैशाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की कमीत कमी अंतराची वाट शोधणे हा यातला सोपा भाग. कापून होईपर्यंत पत्रा सपाट, थंड आणि जागच्या जागी ठेवणे हा अवघड भाग, आणि बहुतेक उड्या त्याच्यासाठी असतात.

## पत्र्यावर नेमके काय घडते

बाजारात पत्रा ठरावीक मापात येतो. २५०० × १२५० मिमी हे त्यातले नेहमीचे माप. ३ मिमी जाडीचा असा एक पोलादी पत्रा साधारण साडेत्र्याहत्तर किलो भरतो. त्यातून वेगवेगळ्या मापांचे अनेक भाग काढायचे असतात. ते भाग पत्र्यावर कमीत कमी वाया जाईल अशा रीतीने मांडणे म्हणजे नेस्टिंग. मांडणी झाली, की हेडने कोणत्या क्रमाने आणि कुठून कसे जायचे ते ठरवायचे. त्याला टूलपाथ म्हणतात. आपण त्याला कापण्याची वाट म्हणू.

लेझरचा किरण पत्रा वितळवतो आणि त्याच नोझलमधून (हेडच्या टोकाच्या तोटीतून) जोरात येणारा वायू तो वितळलेला धातू खाली उडवून देतो. स्टेनलेस स्टीलला नायट्रोजन वापरला तर कड स्वच्छ, चकचकीत येते. जाड साध्या पोलादाला बहुधा ऑक्सिजन वापरतात, कारण त्यात पोलाद स्वतःच जळते आणि किरणाला मदत करते. वायूची ही जोड १९६७ साली ब्रिटनमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी प्रथम वापरली आणि तिथून लेझरने धातू कापणे व्यवहारात आले. त्या काळच्या कटिंगमागचा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला होता, कुमार पटेल यांच्या हातून. त्यांचा जन्म बारामतीचा, १९३८चा, आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या सीओईपीची. आज त्या लेझरची जागा बहुतेक ठिकाणी फायबर लेझरने घेतली आहे, पण पत्रा कापायची रीत तीच राहिली.

कापताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. किरणाला जाडी असते, त्यामुळे कापलेल्या रेषेत थोडा धातू नाहीसा होतो. फायबर लेझरमध्ये ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते, प्लाझ्मा कटिंगमध्ये (तिथे लेझरऐवजी विजेने अतिशय तापवलेला वायू कापतो) ती दीड-दोन मिलिमीटर किंवा जास्तही होते. आणि प्रत्येक कापाच्या सुरुवातीला किरणाला पत्रा आरपार भेदावा लागतो. हे पिअर्सिंग. भेदताना तिथे खडबडीत खळगा पडतो, म्हणून ते नेहमी टाकाऊ बाजूला करतात आणि तिथून छोट्या वाटेने खऱ्या कडेवर येतात. शंभर भोके म्हणजे शंभर पिअर्सिंग, आणि दर दोन भोकांमध्ये एक बिनकापती धाव.

## मग संगणक सगळे क्रम तपासून का पाहत नाही?

दहा भोके असतील तर ती कापण्याचे क्रम होतात ३६,२८,८००. आजच्या संगणकाला हे काहीच नाही. वीस भोके घ्या. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक असला तरी सगळे तपासून व्हायला ७७ वर्षे लागतील. पंचवीस भोकांना सुमारे ४९ कोटी वर्षे. आणि पॅनेलच्या एका पत्र्यावर दोनशे भोके असणे ही रोजची गोष्ट आहे.

गणितात या कोड्याला फिरत्या विक्रेत्याचे कोडे म्हणतात: सगळ्या गावांना एकदाच भेट देऊन परत यायचे, चाल कमीत कमी पडली पाहिजे. १९४० साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या लागवडीच्या पाहणीसंदर्भात याच्याशीच गाठ घातली होती. नमुन्यासाठी निवडलेल्या शेतांवरून माणसे फिरवायची तर किती चाल पडेल, म्हणजे किती खर्च येईल, हा त्यांचा प्रश्न होता. अशा विखुरलेल्या ठिकाणांतून जाणारी सर्वांत छोटी वाट ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हा नियम १९५९ मध्ये सिद्धही झाला: क्षेत्रफळाला ठिकाणांच्या संख्येने गुणायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याला साधारण ०.७१ ने गुणायचे.

सगळे क्रम तपासता येत नाहीत म्हणून हात टेकावे लागतात असे मात्र नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जिथे आहात तिथून जवळचे भोक घ्यायचे, मग त्याच्या जवळचे. सुरुवात छान होते, पण कोपऱ्यातली काही भोके मागे राहून जातात आणि शेवटी त्यांच्यासाठी लांब हेलपाटे पडतात. त्यावर दुसरी युक्ती आहे. वाटेचे दोन तुकडे एकमेकांना छेदत असतील, तर त्यांची टोके अदलाबदल करून जोडली की वाट नेहमी लहानच होते. छेद सापडेल तिथे तो सोडवत जायचे. एवढ्या दोन युक्त्यांनीही चांगली वाट हाती लागते, आणि याहून कसलेल्या पद्धती तर १९७०च्या दशकापासून उपलब्ध आहेत.

## यंत्र एवढे वेगवान, मग थोड्या अंतराने काय बिघडते?

ही शंका मला सर्वांत जास्त आवडते, कारण ती निम्मी बरोबर आहे. हिशेबच करू.

वर सांगितलेल्या पत्र्यावर २०० भोके विखुरलेली आहेत. क्रम कसाही लावला, तर दोन भोकांमधले अंतर सरासरी एक मीटर पडते, म्हणजे एकूण धाव २०० मीटर. वर्गमुळाच्या नियमाने सर्वांत छोटी वाट सुमारे १८ मीटरची. मिनिटाला १०० मीटर या वेगाने धावणाऱ्या हेडला २०० मीटरला दोन मिनिटे लागतील आणि १८ मीटरला अकरा सेकंद.

पण हेडला तो वेग पकडायलाही अंतर लागते. वेगवाढ गुरुत्वाकर्षणाएवढी, म्हणजे बऱ्यापैकी जोरदार धरली, तरी शून्यातून पूर्ण वेगात यायला १४ सेंमी आणि परत थांबायला तितकेच. आपल्या चांगल्या वाटेवर दोन भोकांमध्ये सरासरी नऊच सेंमी आहेत, तेव्हा पूर्ण वेग कधी येतच नाही. थांबणे-निघणे धरून खरा वेळ होतो: कसाही क्रम लावला तर सुमारे १५३ सेकंद, चांगला क्रम लावला तर सुमारे ३८. जवळजवळ दोन मिनिटे वाचली. दिवसभरात असे पत्रे मोजले तर ही बचत सोडण्यासारखी नाही.

आता पुढचे पाहा. प्रत्येक भोकाला हेड वर उचलायचे, खाली आणायचे, पत्र्यापासूनचे अंतर मोजायचे आणि पिअर्सिंग करायचे. या सगळ्याला अर्धा सेकंद धरला तरी २०० भोकांचे १०० सेकंद होतात. म्हणजे वाट चांगली झाल्यानंतर ३८ सेकंदांचे ३६ करण्यासाठी डोके फोडण्यात अर्थ नाही. वेळ दुसरीकडे अडकला आहे. म्हणूनच नव्या यंत्रांत हेड उभे वर-खाली न करता कमानीसारखे उडी मारत जाते. पातळ पत्र्यावर एका ओळीत भोके असतील तर हेड न थांबता ओळीवरून सरळ धावते आणि किरण हवा तिथे चालू-बंद होतो. चौकोनी भोकांच्या जाळीत आधी सगळ्या आडव्या कडा, मग सगळ्या उभ्या. याला फ्लाय कटिंग म्हणतात. जाड पत्र्यावर ते जमत नाही, कारण तिथे भेदायलाच थांबावे लागते.

## आतले आधी, बाहेरचे नंतर

इथून पुढे गणिताचे कोडे आणि शेडमधले काम यांच्या वाटा वेगळ्या होतात. पोस्टातल्या माणसाने कुठले घर आधी घेतले याने घरांना फरक पडत नाही. पत्र्याला पडतो.

वॉशर घ्या. बाहेरची कड आधी कापली, तर वॉशर सुटतो, थोडा खाली बसतो, किंचित सरकतो. मग मधले भोक कापले तर ते मध्यावर येईलच असे नाही. म्हणून भोक आधी, बाहेरची कड नंतर. हा नियम मोडायचा नाही.

पॅनेलच्या दरवाजाला मीटरसाठी खिडकी असते. त्या खिडकीतून निघणारा चौकोन वाया जाऊ नये म्हणून शहाणा प्रोग्रॅमर त्यात छोटे ब्रॅकेट बसवतो. मग क्रम असा होतो: ब्रॅकेटची भोके, ब्रॅकेटची कड, खिडकी, दरवाजाची बाकीची भोके, शेवटी दरवाजाची कड. अशा बंधनांमुळे लाखो क्रम एकदम बाद होतात. पण उरलेल्यांतून निवड करणे त्यामुळे सोपे होत नाही. शिवाय भोक हा काही एक बिंदू नाही. त्याच्या कडेवर कुठूनही सुरुवात करता येते, आणि एका भोकाची सुरुवातीची जागा बदलली की पुढच्या भोकाची सोयीची जागाही बदलते. १९९७ मध्ये हॉफ्ट आणि पालेकर या संशोधकांनी हे कोडे प्लेट कापण्याच्या विक्रेत्याचे कोडे म्हणून वेगळे मांडले, ते याच कारणाने.

प्लाझ्मात आणखी एक बंधन आहे. तिथे वायू भोवऱ्यासारखा फिरत येतो, त्यामुळे कापाची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरपी येते. नेहमीच्या रचनेत जाण्याच्या दिशेची उजवी बाजू चांगली असते. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि भोक उलट दिशेने कापतात.

## सुटलेला तुकडा आणि तुटलेले नोझल

पत्रा ज्यावर ठेवतात त्या पलंगाला दातेरी उभ्या पट्ट्या असतात. मध्ये मोकळी जागा. मोठा भाग सुटला तर पट्ट्यांवरच टेकून राहतो, अगदी छोटा असेल तर सरळ खाली पडतो. भीती असते ती मधल्या मापाच्या तुकड्याची. त्याचे एक टोक पट्ट्यांच्या मध्ये घुसते आणि दुसरे वर उठते.

नोझल पत्र्यापासून साधारण एक मिलिमीटर वरून चालते. वर उठलेले टोक पाच मिलिमीटरचे असले तरी टक्कर ठरलेली. बरे असले तर नुसते नोझल वाकते. नाहीतर आतली सिरॅमिक रिंग फुटते, मशीन थांबते, नवी रिंग बसवून नोझल किरणाच्या मध्याशी पुन्हा जुळवावे लागते, आणि तोवर पत्रा हलला असेल तर अर्धवट कापलेले सगळे भाग भंगारात. वाटेवर वाचवलेली दोन मिनिटे अशा एका टक्करीत कुठच्या कुठे जातात.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. प्रत्येक धावेला हेड पुरेसे उंच उचलायचे: वेळ जातो. सुटलेल्या भागांना वळसा घालून जायचे: अंतर वाढते. तुकडा पूर्ण न कापता दोन-चार दशांश मिलिमीटरचा धागा ठेवायचा, ज्याला मायक्रो जॉइंट म्हणतात: तुकडा जागेवर राहतो, पण नंतर कोणीतरी तो हाताने मोडून, कडेवरचा ओरखडा ग्राइंडरने घासायचा असतो. मशीनचे वाचलेले मिनिट असे ग्राइंडिंगवर बसलेल्या माणसाच्या अंगावर येते. प्रोग्रॅम करणाऱ्याला तो खर्च स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून मी हे मुद्दाम लिहितो आहे.

सर्वांत चांगला उपाय क्रमातच असतो. कापलेला भाग मागे सोडत, अखंड पत्र्याकडे सरकत राहायचे आणि शक्यतो मागे फिरायचे नाही. आणि प्रत्येक भागाची शेवटची बाजू अशी निवडायची, की तो भाग शेवटपर्यंत पत्र्याच्या जड, अखंड बाजूला चिकटून राहील. आधी बारीक काठाकडची बाजू कापायची, मग जड बाजूची. उलटे केले तर शेवटच्या क्षणी भाग एखाद्या बोटभर पट्टीला लोंबकळत असतो, आणि ती पट्टी वाकते.

## शेजारचे भोक सोडून लांब जाण्याचे खरे कारण

उष्णता. दहा-बारा मिलिमीटरच्या पोलादात ऑक्सिजनने भोके पाडताना प्रत्येक भोकाभोवतीचा धातू तापतो. लगेच शेजारी दुसरे भोक घेतले तर ते आधीच गरम झालेल्या पोलादात पडते. ऑक्सिजन तिथे हवा त्यापेक्षा जास्त जाळतो: कड खचते, खाली मळीचे (वितळून थिजलेल्या धातूचे) गोळे चिकटतात, कोपरे वितळून गोल होतात. पहिली पाच भोके सुबक आणि पुढची बिघडत गेलेली, असा पत्रा ज्याने पाहिला त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून एक भोक सोडून एक, किंवा पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत, असा क्रम लावतात. काचेबाहेरून भरकटल्यासारखी दिसणारी उडी बहुधा हीच असते.

उष्णतेचा दुसरा परिणाम मापावर होतो. साधे पोलाद ५० अंशांनी तापले तर एका मीटरमागे ०.६ मिमी लांबते. स्टेनलेस साधारण ०.८५ मिमी, ॲल्युमिनियम साधारण १.१५ मिमी. तापलेल्या पत्र्यावर दोन भोके एक मीटर अंतरावर अचूक पाडली, तरी पत्रा थंड झाल्यावर ती अचूक राहत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोल्ट न बसण्याला पुरतो. पूर्ण भाग एकदम तापू नये, आणि ज्या भोकांचे आपसातले अंतर महत्त्वाचे आहे ती एकाच दमात, पत्रा थंड असताना कापली जावीत, असे पाहावे लागते. पहिली गोष्ट म्हणते लांब जा, दुसरी म्हणते लांब जाऊ नका. या ओढाताणीचे उत्तर भागागणिक बदलते आणि ते सूत्रात बसवता येत नाही.

गुंडाळीतून सपाट केलेल्या पत्र्यात ताणही दडलेला असतो. लांब, अरुंद पट्टी कापली की तो ताण सुटतो आणि पट्टी बाकदार होते. तिथे दोन्ही लांब कडा थोड्या थोड्या, आलटून पालटून कापतात आणि मध्ये मायक्रो जॉइंट ठेवतात.

## एकाच रेषेत दोन भाग

शंकरपाळे कातताना आपण लाटलेल्या पोळीवर आधी एका दिशेने सगळ्या रेषा ओढतो, मग दुसऱ्या दिशेने. प्रत्येक रेष ही दोन शंकरपाळ्यांची कड असते. प्रत्येक शंकरपाळा वेगळा कातत बसलो असतो तर काम दुप्पट झाले असते आणि मध्ये चिंध्या उरल्या असत्या. पत्र्यावरही हेच करता येते. त्याला कॉमन कट म्हणतात.

१०० मिमी बाजूचे शंभर चौकोन दहा-दहाच्या ओळींत मांडा. प्रत्येक वेगळा कापला तर एकूण काप ४० मीटर आणि पिअर्सिंग शंभर. कॉमन कटने अकरा आडव्या आणि अकरा उभ्या रेषा, म्हणजे २२ मीटर आणि पिअर्सिंग बावीस. मिनिटाला पाच मीटरचा वेग धरला तर आठ मिनिटांचे काम साडेचार मिनिटांच्या आत. कोणत्याही क्रम लावण्याने एवढी बचत होत नाही.

बावीसपेक्षाही कमी पिअर्सिंग होईल का? याचे उत्तर गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यात (सगळे पूल एकेकदाच ओलांडत फिरता येईल का?) देऊन ठेवले आहे. ज्या नाक्यावर विषम संख्येने रस्ते मिळतात, असे नाके मोजायचे. आपल्या जाळीत कोपरे सोडून बाहेरच्या कडेवर असे ३६ नाके आहेत, प्रत्येकी तीन रेषांचे. प्रत्येक सलग कापाला दोन टोके, तेव्हा कमीत कमी १८ सलग काप लागतात. अठराच्या खाली जाणे अशक्य आहे, आणि हे अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचे तर्कशास्त्र आज मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेले असते, याचे मला फार अप्रूप वाटते.

तरीही अनुभवी माणूस अठराच्या वाटेने जाईलच असे नाही. त्या वाटेत किरण वळणे घेत पुन्हा पुन्हा जुन्या फटी ओलांडतो. ओलांडताना क्षणभर खाली धातू नसतो, पलीकडच्या कडेवर काप नव्याने पकडावा लागतो, तिथे बारीक खाच पडू शकते. शिवाय चौकोन मध्येच सुटत जातात, आणि सुटलेला चौकोन हलला की शेजाऱ्याची कडही बिघडते, कारण ती दोघांची एकच आहे. दोन भागांमधले अंतर बरोबर फटीएवढे ठेवावे लागते, आणि नोझल झिजले की फट बदलते. त्यामुळे अचूक माप हवे असेल तिथे कॉमन कट दोन-चार भागांच्या छोट्या गटांपुरताच वापरतात. माझ्या मते तो योग्य मध्य आहे. शंभरच्या शंभर भाग एका जाळीत गुंतवणे पातळ पत्रा, ढोबळ माप आणि नेहमीचे काम असेल तेव्हाच करावे.

## नेस्टिंग चांगले असले की झाले, नाही का?

नेस्टिंगचे महत्त्व खरेच मोठे आहे. साडेत्र्याहत्तर किलोच्या पत्र्यात पाच टक्के वाचले तर पावणेचार किलो पोलाद वाचते, आणि जॉबच्या किमतीत पोलादाचा वाटा बहुधा सर्वांत जास्त असतो. पण मांडणी आणि वाट यांना वेगळे करता येत नाही. भाग इतके दाटीवाटीने बसवले की मधल्या पट्ट्या दोरीसारख्या बारीक झाल्या, तर त्या उष्णतेने वळतात, वर येतात आणि नोझलला लागतात. खिडकीत ब्रॅकेट बसवला की पोलाद वाचते, तुकडा उलटण्याचा धोका वाढतो. मांडणी करणारा आणि क्रम लावणारा एकच माणूस असावा, किंवा त्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढे तरी हवे.

## सॉफ्टवेअर हे सगळे आपोआप करते ना?

बरेचसे करते, आणि चांगले करते. आतले आधी, बाहेरचे नंतर, सुटलेल्या भागांना वळसा, मायक्रो जॉइंट, कॉमन कट, उष्णतेसाठी उड्या, या सगळ्याची बटणे असतात. शुद्ध कोड्याबद्दल म्हणाल, तर बेल लॅब्जमधल्या एका संगणक-चिपवर लेझरने छेदायच्या ८५,९०० जागांची सर्वांत छोटी वाट २००६ मध्ये सिद्धतेसह सापडली आहे.

मग आपल्या दोनशे भोकांना माणूस का लागतो? त्या ८५,९०० जागांच्या कोड्यात कोणत्याही दोन जागांमधले अंतर आधीपासून ठरलेले असते. पत्र्यावर तसे नसते. या भोकावरून त्या भोकाकडे जाण्याची खरी किंमत आतापर्यंत काय काय कापले, कुठे किती तापले, कुठला तुकडा सुटला, यावर अवलंबून असते. प्रत्येक कापानंतर नकाशाच बदलतो. त्यातले काही मोजता येते, काही अंदाजाने धरावे लागते. पट्ट्या किती झिजल्यात, त्यावर मळी कुठे साठली आहे, आजचा पत्रा कुठल्या गुंडाळीतला आहे, हे सॉफ्टवेअरला कोणी सांगत नाही. ऑपरेटरला ते माहीत असते. एआयने वाट काढतो असे सांगणाऱ्या विक्रेत्यालाही हाच प्रश्न विचारावा: तुमचे सॉफ्टवेअर तापलेला भाग आणि उलटू शकणारा तुकडा कसा ओळखते? अंतर किती टक्क्यांनी कमी होते, हे उत्तर पुरेसे नाही.

ऑपरेटरने हाताने बदललेला क्रम बहुतेक शेडमध्ये कुठेच लिहून ठेवलेला नसतो. तो माणूस नोकरी बदलतो आणि ती समज त्याच्याबरोबर जाते. नवा मुलगा आयटीआयमधून येतो, सॉफ्टवेअरने दिलेला क्रम तसाच चालवतो आणि तीच नोझल पुन्हा फुटतात. हे मला फार खटकते. क्रम का बदलला, याची एक ओळ प्रोग्रॅमसोबत लिहायला काही खर्च येत नाही.

## काम देणाऱ्याने काय पाहावे

वाट अर्धी ड्रॉइंगमध्येच ठरलेली असते. एकाच भागात सात वेगवेगळ्या व्यासांची भोके असली आणि काम तीन व्यासांत भागत असले, तर टरेट पंचवर (वेगवेगळ्या मापांच्या ठशांनी भोके पाडणाऱ्या यंत्रावर) चार टूल बदल वाचतात. लेझरला टूल बदलावे लागत नाही, पण जाडीपेक्षा लहान भोके तिथेही त्रास देतात. भागाच्या दोन बाजू सरळ आणि समांतर ठेवल्या तर ते एकमेकांना लागून बसतात आणि कॉमन कट शक्य होतो. निव्वळ शोभेसाठी दिलेली बाहेरची वळणदार कड ही सोय घालवते. आणि काटेकोर मापाची गरज जिथे आहे तिथेच लिहावी. सगळीकडे लिहिली तर प्रोग्रॅमर सगळीकडे सावध, म्हणजे हळू, वाट निवडतो.

दराचेही बोलून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी दर कापलेल्या मीटरवर आणि पिअर्सिंगच्या संख्येवर लावतात. कॉमन कट केला तर दोन भागांची एक कड एकदा मोजणार की दोनदा, हे ऑर्डर देण्याआधी विचारावे. वरच्या शंभर चौकोनांत हा फरक ४० आणि २२ मीटरचा, शंभर आणि बावीस पिअर्सिंगचा आहे. मशीनवाल्याने त्यासाठी जास्त काळजीचा प्रोग्रॅम केला असतो आणि पत्रा बिघडण्याची जोखीमही घेतलेली असते, तेव्हा सगळी बचत गिऱ्हाइकाने मागणे बरोबर नाही. पण त्यातला वाटा मागायला हरकत नाही, आणि मोजणी कशी करणार हे कोटेशनवर लिहून घ्यावे.